एका चार्जमध्ये पुणे

२६ जानेवारी, सोमवार

आज गाडी घरी आली. इलेक्ट्रिक. आमच्या कट्टा गावातली पहिली. (पेठेतली बॅटरीची रिक्षा मी धरत नाही.) रंग समुद्री निळा. बायकोने, रश्मीने, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि सगळ्यांदेखत विचारलं की सायलेन्सर कुठे आहे. समजावून सांगितलं. तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत नियोजन विभागात काढली. दुसऱ्यांच्या योजना आखल्या. आता स्वतःच्या. मार्चमध्ये गोवा, मे महिन्यात बेंगळुरू, दिवाळीला कन्याकुमारी, पुढच्या वर्षी लडाख.

कंपनी म्हणते एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटर. मी शिस्तीत चालवणारा माणूस. मला साडेतीनशे मिळतील.

२९ जानेवारी, गुरुवार

मालवणला जाऊन आलो. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून काचा बंद. बॅटरी वाचावी म्हणून एसी बंद. रश्मी बाजारात उतरली तेव्हा ओळखीच्या बाईने तिला विचारलं, ताप आहे का. परत येताना ती रिक्षाने आली.

गाडीला आवाज नाही हा मोठाच फायदा. मासळी मार्केटच्या बोळात एक गृहस्थ पिशवी हलवत पुढे चालले होते, त्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही की मागे गाडी आहे. मी हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी पिशवी टाकली आणि माझ्या आईवडिलांची चौकशी केली. प्रगतीला विरोध होतोच.

१ फेब्रुवारी, रविवार, रात्री

विजयदुर्गची ट्रायल ट्रिप. एकटाच गेलो, रश्मीला पुण्याची बॅग भरायची होती. ट्रिप अत्यंत यशस्वी. दोन शोध लागले.

शोध एक: उतारावर बॅटरी आपोआप भरते. खाडीकडे उतरताना आकडा एकाने वाढलेला मी डोळ्यांनी पाहिला. म्हणजे घाट हा आपला मित्र. घाटाला घाबरणारे लोक अडाणी.

शोध दोन: परतताना मिठबावजवळ डॅशबोर्डवर कासवाचं चित्र उमटलं आणि गाडी कासवासारखीच चालायला लागली. तिथे आमच्या लांबच्या आत्याचं घर. त्यांच्या पडवीत वायर लावली. जेवण झालं, झोप झाली, चहा झाला, त्यांच्या जावयाच्या नोकरीविषयी सल्ला देऊन झाला. तोवर गाडी घरी पोचण्यापुरती भरली. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. हायवेवरची चार्जिंग स्टेशनं हवीत कोणाला? त्यांना ॲप लागतं, ओटीपी लागतो, रेंज लागते. कोकणी माणसाला प्रत्येक वीस मैलांवर एक नातेवाईक असतो. नातेवाइकाकडे फक्त त्याचे पोहे खावे लागतात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रश्मी पुण्याला गेली. आमच्या संचिताचं बाळंतपण तिकडेच आहे. गाडीने सोडतो म्हटलं होतं. ती म्हणाली, बाळ यायच्या आधी पोचायचं आहे. एसटीने गेली.

दिवसभर कट्टा ते पुणे मार्गावरच्या नातेवाइकांचा नकाशा केला. फोंड्याला मावसभाऊ गुरुदास. कोल्हापूरला रश्मीची वहिनी सुगंधा. पुढे पुण्यापर्यंत कोणीही नाही. हा आपल्या मागच्या पिढ्यांचा दोष. लग्नं जुळवताना नियोजन नव्हतं.

११ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी

नात झाली!

मुलगी आणि बाळ दोघीही ठीक. रश्मीने फोटो पाठवला. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. मी फोनकडे बघत रडलो. शेजाऱ्यांना वाटलं काही वाईट झालं, ते धावत आले, मग त्यांना चहा केला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बारसं बाविसाव्या तारखेला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. माझ्यावर मोठी जबाबदारी आली आहे: सासूबाईंना घेऊन जायचं.

हौसाबाई, देवबागच्या. वय एक्याऐंशी. रश्मीच्या बारशाला पाळणा त्यांनी म्हटला, संचिताच्या बारशाला त्यांनीच म्हटला, आता पणतीचा म्हणायचा आहे. महिनाभर गुणगुणताहेत म्हणे. रश्मी फोनवर म्हणाली, आईला एसटीने आणा. मी म्हटलं, एक्याऐंशीच्या बाईला एसटीचे धक्के? माझी गाडी पाण्यावरून होडी जावी तशी जाते. ती म्हणाली, आईची ही शेवटचीच हौस असेल, एवढं लक्षात ठेवा. आणि नातीच्या कानात नाव सांगतील तेव्हा आजोबा तिथे हवेत, असं संचिता म्हणते.

आजोबा! मी पाचच्या ऐवजी चारलाच पोचेन.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वेळापत्रक तयार. शुक्रवारी सासूबाईंना देवबागहून कट्ट्याला आणायचं. रात्रभर चार्जिंग. शनिवारी पहाटे निघून दुपारी कोल्हापूर, तिथे जेवण आणि चार्जिंग, रात्री पुणे. रविवार पूर्ण मोकळा. गुरुदासला फोन केला, की वाटेत अडचण आली तर फोंड्याला थांबेन, येणार मात्र नाही. तो म्हणाला, ये. मी म्हटलं, येणार नाही. तो म्हणाला, बरं, ये.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळी

देवबागला गेलो. सासूबाई तयारच होत्या. सामान मात्र माझ्या अंदाजाबाहेरचं. नारळ, सोलं, उकड्या तांदळाचं पोतं, सुक्या बांगड्यांचा डबा, बाळंतिणीचं तूप, चार दुपटी आणि एक पाटा. पाटा कशाला, विचारलं. म्हणाल्या, पुण्यात मिक्सरातला वाटप खातत ती माणसा, बाळंतिणीक कसा चलतला?

मी वजन आणि बॅटरीचं गणित सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आणखी एक फणस ठेवला.

निघाल्यावर तारकर्ली मागे पडली तरी विचारत होत्या, जावयानू, गाडी सुरू झाली की नाय अजून? हा मी गाडीचा गौरव समजतो.

वाटेत चार घरी थांबावं लागलं. पुण्याला जाताना न सांगता गेलं असं लोकांनी म्हणू नये म्हणून. प्रत्येक घरातून बाळासाठी काहीतरी मिळालं. बॅटरी निम्म्यावर. हरकत नाही, रात्र आपलीच आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ७

रात्रभर लाईट नव्हती. लाइनवर झाड पडलं म्हणे. गाडी निम्म्यावर ती निम्म्यावरच.

सासूबाई पाच वाजल्यापासून लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसून आहेत. मी म्हटलं, लाईट येईपर्यंत आत बसा. म्हणाल्या, आत बसान गाडी चलता काय?

दुपारी १

लाईट आली नाही. तसेच निघालो. कणकवलीला चार्जिंग स्टेशन आहे ना! माझा त्याला तात्त्विक विरोध आहे, पण एखाद्या वेळी चालतं. पोचलो तर चार्जरसमोर एका पर्यटकाची डिझेल गाडी उभी, मालक मालवणी थाळी खायला गेलेला. तास गेला. गाडी हलली तेव्हा माझं ॲप ओटीपी मागत होतं आणि ओटीपी रश्मीच्या नंबरवर पुण्याला जात होता. ती फोन उचलत नव्हती, बाळाला आंघोळ घालत होती. उचलला तेव्हा पहिलं वाक्य: तुम्ही अजून कणकवलीत?

मी फोन ठेवला. ओटीपी घ्यायचा राहिला. परत फोन करायचा तर स्वाभिमान आड आला. फोंडा जवळच आहे. गुरुदास आहे.

रात्री ९, फोंडा

गुरुदासकडे आहे. सोन्यासारखा माणूस. घरात सोळा अँपिअरचा एकच सॉकेट आहे, विहिरीच्या पंपाचा. तो परसात, गुरुदास आणि त्याचा सख्खा भाऊ मंगेश यांच्या सामाईक विहिरीवर. दोघे एकाच घरात मधे भिंत घालून राहतात, आणि भिंत घातल्यापासून बोलत नाहीत. पंप वारांनी वाटून घेतलाय. सोम, बुध, शुक्र मंगेशचे. मंगळ, गुरु, शनि गुरुदासचे. रविवारचं मात्र जमलं नाही, रविवार कोर्टात आहे.

आज शनिवार. गुरुदासचा. नशीब बलवत्तर लागतं ते असं.

आधी त्याच्या सुपारीच्या बागेला पाणी सोडायचं होतं, त्यामुळे वायर आत्ता कुठे लागली. हिरवा दिवा लुकलुकतो आहे. गुरुदासच्या बायकोने, दिव्यावहिनीने, कोंबडी-वडे केले. सासूबाई माजघरात बसून पाळणा गुणगुणत होत्या. आवाज थकलाय, पण सूर सरळ. उद्या पहाटे चारला निघतो. घाट आपला मित्र. कोल्हापूर सातला, पुणे एकला. तासभर मागेपुढे धरा.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६

वायर गुंडाळून तुळशीच्या कट्ट्यावर व्यवस्थित ठेवलेली. गाडी चौतीस टक्के.

मला वाटलं मंगेश. भिंतीपलीकडे जाऊन दार वाजवणार होतो, तेवढ्यात गुरुदासच बाहेर आला. म्हणाला, भावा, बारा वाजले तसो मीच प्लग काढलंय. रविवार कोर्टात आसा. निकाल लागासर कोणीच पंपाक हात लावूचो नाय, असा लिहून दिलेला आसा. उगाच कोर्टाचो अपमान नको.

मी म्हटलं, मी पंप कुठे लावतोय, गाडी लावतोय! गुरुदासने थोडा विचार केला आणि मंगेशला हाक मारली. किती वर्षांनी मारली असेल कोण जाणे. मंगेश आला. दोघांनी सॉकेटकडे बघत पाच मिनिटं चर्चा केली. मंगेश म्हणाला, गाडयेचा माका काय नाय, पण उद्या हेच्या वकिलान कोर्टात हो मुद्दो काढल्यान तर? गुरुदास म्हणाला, तुझो वकील काढतलो. पण प्लग लावायचा नाही यावर दोघांचं एकमत झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरातल्या साध्या सॉकेटवर लावून बघितलं. फ्यूज गेला.

सकाळी ७.१५

सासूबाईंनी निर्णय घेतला. मला विचारलं नाही. पुण्याची एसटी सातला फोंड्यावरून जाते, तिने त्या जाणार. सोबत दिव्यावहिनी निघाली, तिने दोन मिनिटांत साडीसुद्धा बदलली. मी म्हटलं, धक्के बसतील. म्हणाल्या, बसूंदेत. एसटीक कोणाचो प्लग लागणा नाय.

त्यांना स्टँडवर माझ्याच गाडीने सोडलं, ही गोष्ट नोंदवून ठेवतो. एसटीत चढवताना हात धरला. हात अगदी हलका झालाय त्यांचा. म्हणाल्या, जावयानू, तुमी निवांत येवा. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाटा आणि फणस माझ्याकडेच राहिले.

दुपारी १२, दाजीपूर

एक बारीक तपशील. उतारावर बॅटरी भरते हा शोध बरोबरच आहे. परंतु कोकणातून पुण्याला जाताना घाट चढावा लागतो. हे मी हिशेबात घेतलं होतं, फक्त चिन्ह उलट पडलं.

कासव शेवटच्या तीन वळणांवर आलं. आता घाटमाथ्यावर चहाच्या टपरीमागे उभा आहे. टपरीवाल्याच्या फ्रिजचा प्लग काढून माझी वायर लावली आहे. तो म्हणाला, पाव्हणं, ताक नासलं तर? त्याचं सगळं ताक मी प्यायचं असं ठरलं. या सॉकेटवर गाडी मुंगीच्या पावलाने भरते. चौथा ग्लास चालू आहे.

संध्याकाळी ६, दाजीपूर

इथे रेंज नाही. टपरीवाला म्हणाला, खालच्या वळणावर, दगडावर उभं राहिलं की एक कांडी येते. पाचला पाच कमी असताना दगडावर चढलो. व्हिडिओ कॉल लागला.

पाळणा दिसला. झेंडूच्या माळा. सासूबाईंची पाठ दिसली. पोचल्या! वेळेत पोचल्या! खुर्चीवर बसून एका हाताने पाळण्याची दोरी धरली होती आणि म्हणत होत्या. आवाज तुटत होता, पण मला सगळं पाठ झालंय. मग जावयाची, विनीतची, बहीण प्राजक्ता नाव सांगायला पाळण्यावर वाकली. ती आत्या, नाव तिनेच सांगायचं, आणि तोवर नाव कोणाला कळू द्यायचं नाही असं घरात ठरलेलं. सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या.

तिथे चित्र थांबलं. हात तसेच वर. मी दगडावर फोन डोक्यावर धरून फिरलो. एक कोल्हापूरची गाडी थांबली, त्यांना वाटलं मला मदत हवी आहे. मी नाही म्हटलं.

हवी होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी

काल रात्री कसाबसा कोल्हापूरला सुगंधावहिनीकडे. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीतून वायर सोडली, ती दुसऱ्या मजल्यावरच्या कपड्यांना लागली, सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. वायर काढली.

वहिनी चहा देताना म्हणाली, नाव किती गोड ठेवलं नाही? मी म्हटलं, हो, आणि अर्थपूर्णही. ती म्हणाली, अगदी.

मला नाव माहीत नाही. कालपासून रश्मीशी दोनदा बोललो. ती आधीच थंड बोलते आहे. त्यात आजोबाने फोन करून नातीचं नाव विचारायचं, हे बरं दिसत नाही. पोचल्यावर आपोआप कळेल. घरात सारखं तेच चाललेलं असणार.

संध्याकाळी

हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनवर गेलो. ओटीपी माझ्या नंबरवर यायची सोय सुगंधावहिनीच्या मुलीने दोन मिनिटांत करून दिली. चार्जरची गन गाडीला लावली. चहा पिऊन आलो तर गाडी भरलेली. पुढे साताऱ्यापर्यंत अशी सहा स्टेशनं मोजली. सगळी रिकामी.

काम होतं, नाही म्हणत नाही. पण त्यात माणुसकी नाही. अंधारात पुण्यात शिरायला नको म्हणून साताऱ्याला लॉजवर मुक्काम.

२४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी, पुणे

सकाळी पोचलो. माळा उतरवलेल्या, मंडप गेलेला, घुगऱ्या संपलेल्या. संचिताने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, बाबा, डोकं धरा. धरलं. एवढंसं डोकं. मी दीड तास हललो नाही. पाय पूर्ण बधिर झाले होते, तरी कोणी उचलायला आलं की झोपली आहे म्हणून सांगत होतो.

अडचण एकच. या घरात तिला कोणी नावाने हाक मारत नाही. रश्मी चिमणे म्हणते, विनीत बॉस म्हणतो, सासूबाई बाय म्हणतात. विनीतला सहज विचारलं, जन्माच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग काय देणार? म्हणाला, सरळच आहे बाबा, जसं बोलतो तसं. मग बारशाचे फोटो मागितले. फोटोत मागे मोठ्या अक्षरात नाव लावलं होतं, पण प्रत्येक फोटोत त्याच्यापुढे दिव्यावहिनी उभी.

संध्याकाळी ७

सासूबाईंनी ओळखलं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाल्या, जावयानू, चेडवाचा नाव काय ता सांगा बघू.

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं. त्या म्हणाल्या, मगे सांगा. मी पाणी प्यायलो. प्राजक्ता हसायला लागली. रश्मीने माझ्याकडे बघितलं. मी आल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं. आणि माझ्या तोंडून निघालं की रेंज गेली होती. मला दिसलं नाही. मी दगडावर उभा होतो. फार वाईट वाटलं. एवढं सगळं बोलून टाकलं.

मग सासूबाई म्हणाल्या, बसवा तेका पाळण्याकडे.

बसवलं. साठी उलटलेला माणूस, पाळण्याला टेकून जमिनीवर. सासूबाईंनी दोरी धरली आणि पाळण्याचं शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. दम लागत होता तरी म्हटलं. मग संचिता वाकली, माझ्या कानाला तोंड लावून नाव सांगितलं आणि कुर्र केलं. मागून सगळ्या बायकांनी पाठीत धपाटे घातले. त्यातला रश्मीचा कोणता हे न बघता कळलं. बाळ जागं झालं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा झोपलं.

परतीची एसटीची तिकिटं रश्मीने काढली आहेत. माझंही काढलं आहे. गाडी विनीत ऑफिसला वापरील, त्याच्या ऑफिसात चार्जर आहे.

नातीचं नाव सायली. सगळ्यात शेवटी मला कळलं, हे खरं. पण कानात सांगितलेलं फक्त तिला आणि मला. बाकीच्यांना नुसतं ऐकू आलं.

पाठ चांगलीच दुखते आहे.